अकरा दिवसांनी मोठा

न्यांदोकाठ, कानो
९ नोव्हेंबर २००३

बोन्यो,

अक्षर ओळखलं असशील. एक्केचाळीस वर्षांत ते बदललेलं नाही. फळ्यावर वळलेलं अक्षर कागदावर उतरलं तरी गोलच राहतं. तुझं अक्षर कोंबडीनं माती उकरल्यासारखं होतं आणि तरी मुलं तुझ्याच वर्गाच्या खिडकीशी गर्दी करायची, हेही मला आठवतं. असो.

इकडे लहान पाऊस आला तसा गेला. पपायरसचे लव्हाळे दाट आहेत. तुझ्या आईच्या आणि माझ्या आईच्या थडग्यांमध्ये बापानं जेवढं अंतर ठेवलं होतं तेवढंच आहे. दोघी सवती मेल्यावरही एकमेकींकडे पाठ करून निजल्यात, असं मुलं म्हणतात.

तू रविवारी दुपारी तलावापलीकडच्या म्वांझाच्या रेडिओवर मुलांना प्राण्यांच्या गोष्टी सांगतोस, हे मला दोन वर्षांपासून ठाऊक आहे. आपण होऊन मी लावत नाही. माझी बायको लावते. तू तिला पाहिलेलं नाहीस, तू गेल्यावर दोन वर्षांनी ती आली. आलेगोकडची, म्हणून सगळे तिला आलेगोची लेक म्हणतात. तुझा आवाज लागला की ती मक्याच्या पिठाची उगाली हलवायची थांबते आणि तळाला करपते. तो करपलेला भाग मला मिळतो.

परवा तू टोळाबद्दल बोललास. टोळाला नाक नाही, कुशीला दोन्ही बाजूंनी बारीक बारीक भोकं आहेत, पोट भात्यासारखं हलवून तो त्यांतून हवा आत घेतो, त्याचं डोकं पाण्यात धरलं तरी तो गुदमरत नाही. हसून हसून आलेगोच्या लेकीचे डोळे ओले झाले. "ऐकलंत का मास्तर? अगदी तुमच्यासारखं! डोकं बुडालं तरी तुमचं चालूच!"

मी म्हटलं, "हे मी तुला लग्न झालं त्याच वर्षी सांगितलं होतं."

"सांगितलं असेल. पण तुम्ही सांगता तेव्हा टोळ मेलेला असतो."

तीस वर्षं मी तोच धडा शिकवला, बोन्यो. तीस वर्षं. आणि एका बकरीनं कान टवकारला नाही.

आता कामाचं. मला माझं दाला घालायचं आहे. म्वांझात राहून तुला विसर पडला असेल म्हणून लिहितो. बापाच्या कुंपणातून बाहेर पडून स्वतःचं कुंपण, स्वतःचं फाटक, मध्ये बायकोचं घर. ते झाल्याशिवाय माणूस पोरच राहतो. बहात्तराव्या वर्षी मी बापाच्या फाटकाच्या डाव्या हाताला, पोरासाठी बांधतात त्या घरात राहतो. माझ्या दोन्ही मुलांचे केस पिकायला लागले. त्यांना बांधता येत नाही, कारण मी बांधलेलं नाही. आणि मला बांधता येत नाही, कारण तू बांधलेलं नाहीस.

ओदुंदो काकांकडे गेलो होतो. बापाच्या भावांतले तेवढेच उरलेत. दात नाहीत, जीभ आहे.

"काका, किती थांबू? बहात्तर झाली मला."

"मग बोन्योलाही बहात्तर झाली. वर अकरा दिवस."

"अकरा दिवसांचा कसला मोठेपणा? माझी आई पहिली बायको होती."

"आई पहिली असेल, पोर दुसरं आलं. पेरणी असो, लग्न असो, कुंपण असो, धाकट्यानं मोठ्याच्या पुढे पाऊल टाकलं की घराला झीज लागते. तुला नातवंडं पुरायची आहेत का? नाही ना? मग भावाला बोलव."

"आणि तो आला नाही तर?"

"तर आहेस तिथे बस. कोंबड्या हाकल."

आलेगोच्या लेकीच्या पायांना सूज असते. ती रोज संध्याकाळी नदीकडच्या उंचवट्याकडे बघते आणि म्हणते, "मला सासूच्या अंगणात पुरू नका. माझं फाटक पाहून मरेन." हे ती भांडून म्हणत नाही. भांडून म्हणाली असती तर मी ऐकलं नसतं.

तेव्हा ये. एक दिवस लागेल. एक घर उभं कर, तुझा कोंबडा तिथे आरवू दे, मग हवं तर परत जा. त्या माशाची गोष्ट कुणी काढणार नाही. तो कसा मेला ते कुणालाच कळलं नाही.

ओबुरा


३० नोव्हेंबर २००३

बोन्यो,

तुझं पत्र आलं. सहा ओळी. त्यातली चौथी अशी: "कुंपणाबद्दल दोन पानं लिहिलीस, शाळेतल्या त्या माशाबद्दल दोनच वाक्यं. जास्त लिही."

हेडमास्तर मी झालो, पण परीक्षा अजून तूच घेतोस.

बरं. लिहितो. पण मी सुरुवात शाळेपासून करणार नाही. आपण आठ वर्षांचे होतो, उन्हाळ्यात दलदल वाळली होती आणि बाप आपल्याला कामोंगो खणायला घेऊन गेला, तिथून करीन. आठवतं ना? चिखल वीट झालेला. त्या विटेत हातभर खोल तो मासा शेपटी तोंडावर घेऊन झोपलेला. वर फक्त करंगळीएवढं भोक, तेवढ्यातून श्वास. तू पोटावर पालथा पडलास, भोकाला कान लावलास आणि म्हणालास, "आहे. म्हातारा ओठ चोखतो तसा आवाज येतोय." बापानं खणलं. मासा होता. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, प्रत्येक वेळी होता.

मीही कान लावला. मला माझंच रक्त ऐकू आलं.

बाप म्हणाला, "बोन्योचे कान पाण्यापर्यंत जातात." मग माझा चेहरा पाहून पुढे म्हणाला, "ओबुराचं तोंड चांगलं आहे." चौसष्ट वर्षं मी ते वाक्य उलटंसुलटं करून पाहतोय. त्यात कुठूनच गोडी लागत नाही.

घरी आल्यावर माझ्या आईनं मासे पाहिले आणि विचारलं, "कुणी शोधले?" मी पायाची माती खरवडत बसलो. ती चूल फुंकत म्हणाली, "अकरा दिवस! फक्त अकरा दिवस तिनं मला मागे टाकलं, आणि जन्मभर तिचं पोर पुढे." आमच्या घरात दूध आटलं, पाऊस लांबला, बकरी हरवली, तरी कारण तेच. मी ते अंगाई ऐकावी तसं ऐकत वाढलो.

माझं तोंड चांगलं होतं, खरं आहे. मला कविता यायच्या. शाळेत आपल्याला एका सुरात म्हणायला लावायचे, त्या सगळ्या मला अजून येतात. न्हाताना म्हणतो. मुलांसाठी मी स्वतःही जुळवायचो. एक तुला माहीत आहे:

मासा गाळतो पाण्यामधला कल्ल्यांनी वारा,
बेडूक गिळतो घोट हवेचे, अंगही पिते सारा;
टोळाच्या कुशीत खिडक्या, गांडूळ अख्खंच दार,
कामोंगो रे, मासा कसला? नाक वर काढणार!

ही तू गेल्या वर्षी रेडिओवर म्हटलीस. मी दाराआड उभा होतो. म्हटलं, आता चोरी पकडतो. तर तू म्हणालास, "ही कविता माझी नाही, माझ्या धाकट्या भावाची आहे. त्याच्यासारखं कुणाला जुळवता येत नाही." आलेगोची लेक टाळ्या वाजवायला लागली. मी बाहेर जाऊन गायीवर ओरडलो. धाकटा म्हणायची काय गरज होती? "माझ्या भावाची" म्हटलं असतं तर रेडिओ बंद पडला असता का?

आता शाळा. हेडमास्तरची जागा रिकामी होती आणि इन्स्पेक्टर साहेब आपल्या दोघांचा एकेक धडा बघणार होते. माझ्या वर्गातली चाळीस मुलं एका सुरात कविता म्हणणार होती. तुझा धडा होता, प्राणी श्वास कसा घेतात. बरणीत बेडूक, बशीत टोळ, टोपात जिवंत मासा, गढूळ पाण्याच्या डब्यात शेपटीची नळी पाण्यावर काढून उलट्या लटकलेल्या डासांच्या अळ्या. आणि शेवटी, आत कामोंगो झोपलेलं ते ढेकूळ. महिनाभर मागच्या खोलीतल्या फळीवर ठेवलेलं, माठाएवढं. सगळ्यांसमोर तू ते पाण्यात ठेवणार, माती विरघळणार, मासा जागा होऊन वर येणार आणि हवेचा घोट घेणार. पंचक्रोशी जमली होती. बापाला पुढची खुर्ची होती.

माती विरघळली. मासा वर आला, तो पोट वर करून. वास सुटला. साहेबांनी रुमाल नाकाला लावला. मुलं हसली. बाप उठून गेला.

"मेल्या माशाचा मास्तर" हे नाव मी पाडलं नाही. मी ते थांबवलंही नाही. महिन्याभरात तू म्वांझाच्या बोटीत बसलास.

आदल्या संध्याकाळी मी शाळेत गेलो होतो, एवढं खरं आहे. खडूचा डबा आणायला.

ओबुरा


२१ डिसेंबर २००३

बोन्यो,

मागच्या पत्राचं उत्तर तू पाठवलं नाहीस. रेडिओवरून दिलंस.

आज तू कामोंगोवर बोललास. म्हणालास की हा एकच मासा असा की ज्याला जाळ्याखाली दाबून धरलं तर तो पाण्यात बुडून मरतो. मग चिखलातल्या झोपेबद्दल, त्या भोकाबद्दल. तुझा आवाज मध्ये मध्ये थांबत होता. पूर्वी तू एका दमात वाक्य संपवायचास.

आलेगोची लेक शेंगा सोलत होती. तिनं रेडिओलाच विचारलं, "आणि ते भोक बुजलं तर?"

आणि तू, तिकडे तलावापलीकडे बसलेला, लगेच म्हणालास, "भोक बुजलं तर तो झोपेतच जातो. त्याला कळतही नाही."

ती म्हणाली, "बरं आहे. कळत नाही ते बरं." मग माझ्याकडे पाहिलं. "अहो, तुमचा घाम का गळतोय?"

त्याला कळत नाही. हे तू माझ्यासाठी म्हणालास का?

ऐक आता. त्या संध्याकाळी खडूचा डबा मी खरंच घेतला. मग मागच्या खोलीत गेलो. मला फक्त बघायचं होतं. ढेकळाला कान लावला. बराच वेळ काही नाही. माझं रक्त, नेहमीसारखं. मी उठणार, एवढ्यात आवाज आला. मऊ, ओला. म्हातारा ओठ चोखतो तसा. तू आठव्या वर्षी म्हणाला होतास, अक्षरशः तसाच.

एकतिसाव्या वर्षी मला पहिल्यांदा ऐकू आलं. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, असेल अर्धी घटका. मग वाटलं, हा आवाज याला कायम ऐकू येतो. बापाच्या शेजारी पालथा पडून हा हे ऐकत होता आणि मी बाजूला उभा राहून पायानं माती उडवत होतो. उद्या सगळा गाव हे बघेल, आणि माझी चाळीस मुलं नुसती तोंडं उघडतील आणि मिटतील.

डब्यातला खडू मी चुरला. थुंकीत कालवला. भोकात भरला आणि अंगठ्यानं सारखा केला.

ऐकत थांबलो नाही. थांबलो असतो तर उकरून काढलं असतं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरं आहे की नाही हे मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी चाळीस मुलांनी कविता सुंदर म्हटली. साहेबांनी माझा हात हातात घेतला. मी एकवीस वर्षं हेडमास्तर होतो. दरवर्षी श्वासाचा धडा यायचा. कामोंगोपाशी आलो की मी मुलांना म्हणायचो, हा भाग आपापला वाचा.

आता तू येऊ नकोस म्हणालास तरी माझं काही म्हणणं नाही. काकांना मी सांगेन, मोठा नाही म्हणाला. आलेगोच्या लेकीला काय सांगायचं ते सुचत नाही.

ओबुरा


१८ जानेवारी २००४

बोन्यो,

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं आणि चारही वेळा राग आला.

तुला ठाऊक होतं! पहिल्यापासून! परातीत ढेकूळ ठेवताना तुला पांढरा ठिपका दिसला. चिखलात खडू. मागच्या खोलीची किल्ली दोघांकडेच, आणि तुझ्या हाताला तर खडूची खाज यायची, तू फडक्यात धरून लिहायचास. साहेबांनी वाकून पाहण्याआधी तू तो ठिपका नखानं खरवडून टाकलास. आतला मासा मेलाय हे कळत असताना धडा पुढे चालवलास. "बापाला कळलं असतं तर त्यानं तुला शाप दिला असता. आणि त्याचा शाप लागायचा," असं लिहितोस. जसं काही पावसाची बातमी लिहावी.

अरे, मग मला शिव्या द्यायच्या होत्यास! जाताना दारात येऊन थुंकायचं होतंस! मी एक्केचाळीस वर्षं एकट्यानं हे ओझं वाहिलं, त्यातल्या पहिल्याच सकाळी तू मला माफ करून मोकळा झालास. मला पश्चात्ताप सुचायच्याही आधी. तिथेही तू पुढे. माझी आई वर बसून कपाळावर हात मारत असेल.

हे सगळं मी आलेगोच्या लेकीला सांगितलं. तुझं पत्र वाचूनच दाखवलं. तिनं चहाचं भांडं चुलीवरून उतरवलं. मग म्हणाली, "पोरांना तीस वर्षं श्वास शिकवत होतात ना तुम्ही?"

"हो."

"कोणत्या तोंडानं?"

तीन दिवस चहा मिळाला नाही. चौथ्या दिवशी मिळाला, साखर नव्हती. काल थोडी घातली होती.

तू येतोस म्हणतोस. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, बायको आणि थोरल्या मुलाला घेऊन. डॉक्टर छातीला जपा म्हणालेत, पण तीनशे पावलं चालता येतं, असं लिहिलंस. तुझी जागा मी आखून ठेवली आहे, घायपाताच्या रांगेपलीकडे, उंचावर. खांब तोडून आणले. गवत कापलंय. गारा करायला पाणी भरून ठेवतो. हे सगळं मीच करतोय, कारण धाकट्यानंच करायचं असतं, आणि हे लिहितानाही माझे दात एकमेकांवर बसलेत.

फक्त एक. आल्यावर मी तुला दादा म्हणेन अशी आशा धरू नकोस.

ओबुरा


१५ फेब्रुवारी २००४

बोन्यो,

माझ्या दारातून तुझ्या नव्या घराचा धूर दिसतो. इतक्या जवळच्या माणसाला पत्र लिहिणारा मीच पहिला. तुझा मुलगा घेऊन जाईल. त्याच्यासमोर वाचू नकोस.

आलेगोच्या लेकीनं फाटकाची जागा नक्की केली. पूर्वेकडे तोंड, नदी दिसेल अशी. काकांनी आमचा दिवस येत्या गुरुवारचा धरला आहे. सुजलेल्या पायांनी ती तिथे तीनदा जाऊन आली, प्रत्येक वेळी खुंटी एक वीत सरकवली. तुझ्या बायकोशी तिची गट्टी झाली आहे. एकीला दुसरीची भाषा धड येत नाही, तरी दोघी माझ्याबद्दलच बोलतात हे मला कळतं. काल तुझी बायको मला बघून गाल फुगवून बेडकासारखा गळा हलवायला लागली आणि दोघी खिदळल्या. तुझ्याकडूनच शिकली असणार.

आता परवाचं सांगतो.

उजाडताना आपण बापाच्या फाटकातून निघालो. काका सायकलच्या मागच्या कॅरिअरवर, दोन नातवांनी धरलेले, सगळ्यात पुढे. मग कोंबडा काखेत घेऊन तू. मग कुऱ्हाड घेतलेला तुझा मुलगा, खापरात विस्तव घेऊन तुझी बायको, आणि मागे मी. तुझ्या पाठीकडे बघत. जन्मभर जी पाठ बघितली तीच, फक्त आता खांदे वर उचलले जाऊन खाली पडत होते. दर श्वासाला शीळ वाजत होती. मला वाटलं, याच्यासाठी नवी ओळ जुळवावी लागेल. मग स्वतःचीच लाज वाटली.

वारुळापाशी तू थांबलास. काकांची सायकल वळणाआड गेली होती. तू मुलाला आणि बायकोला हातानं पुढे जा म्हणालास. ती दोघं जागची हलेनात, तेव्हा डोळे वटारलेस. ती वळणाआड गेली. तू वाकून गुडघ्यावर हात टेकलेस. पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखं तोंड उघडून मिटत होतास. उन्हं झाडांच्या शेंड्यांवर आली होती. उन्हं खाली उतरायच्या आत पहिला खांब उभा राहायला हवा, नाहीतर दिवस वाया.

तू माझ्याकडे न बघता कोंबडा पुढे केलास. "ओबुरा. घे. हो पुढे. तू रोव खांब."

"आणि काका?"

"काकांना... दिसतं कुठे? तिकडे... मी म्हणेन मीच रोवला."

कोंबड्याचं अंग गरम होतं. त्याचं काळीज माझ्या तळहाताशी उडत होतं. बोन्यो, तू मला खांब देत नव्हतास. तू मला ते अकरा दिवस देत होतास. आई हयात असती तर मला मागून ढकलून दिलं असतं तिनं. समोर पायवाट मोकळी होती. पाऊल टाकलं असतं तर कुणाला दिसलं नसतं, आणि तूही आयुष्यात कधी बोलला नसतास, हे मला माहीत होतं. तुझी गप्प राहण्याची ताकद मी पाहिली आहे.

मी कोंबडा तुझ्या काखेत परत खोचला आणि तुझ्या मागे, पायवाटेवर, खाली बसलो.

तू वळलास. "काय झालं रे?"

"दम लागला," मी म्हटलं.

तू माझ्याकडे बघितलंस, मोठ्यानं धाकट्याकडे बघावं तसं, काळजीनं. मग तूही बसलास. "बस. घाई नाही," म्हणालास. "तुझा दम येऊ दे, मग जाऊ." आणि आपण तिथे बसून राहिलो, तुझी शीळ हळूहळू बारीक होईपर्यंत. मग तू उठलास, आणि मी तुझ्या मागून.

खांब वेळेत उभा राहिला. तो तूच रोवलास, सगळ्यांनी पाहिलं.

बोन्यो, मला दम लागला नव्हता. मी रोज न्यांदो नदीपर्यंत चालत जाऊन येतो. हे तुला तोंडावर सांगायचं नव्हतं, म्हणून लिहिलं.

ओबुरा